‘मग नर्सिंग तरी कर’

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तेच बोलणे होते. एमबीबीएसला नंबर लागणार नाही हे कळते, खासगी महाविद्यालयाच्या फीचा आकडा ऐकून वडील गप्प होतात आणि एखादे काका सुचवतात, ‘मग नर्सिंग तरी कर.’ 2024 साली देशभरात 23 लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे 1 लाख 10 हजार. म्हणजे विसातल्या एकोणीस जणांना दुसरी वाट धरावीच लागते. ती वाट हरलेल्यांची म्हणून दाखवली जाते, आणि त्यात मुलांइतकेच रुग्णांचेही नुकसान आहे.

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया पाहू. सर्जन थांबवलेल्या हृदयावर टाके घालत असतो, तेव्हा रुग्णाचे रक्त अंगभर फिरवण्याचे आणि त्यात प्राणवायू मिसळण्याचे काम हार्ट-लंग मशीन करते. डॉ. जॉन गिबन यांनी 1953 साली फिलाडेल्फियात या यंत्राच्या आधारे हृदयशस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली आणि हृदयविकाराच्या उपचारांचे चित्र पालटले. हे यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट बहुधा एमबीबीएस नसतो. रक्ताचा प्रवाह, तापमान, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाची मात्रा, यांवरून त्याची नजर क्षणभरही हटून चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, ते योग्यच आहे. पण दाराआड त्या माणसाच्या शरीरात रक्त खेळते ठेवणारा आणखी कोणी होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

डायलिसिस तंत्रज्ञाचे तसेच. मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तासांच्या आसपास यंत्राला जोडलेला असतो. फिस्टुलात (डायलिसिससाठी तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या जोडात) सुई घालणे, किती पाणी काढायचे ते पाहणे, रक्तदाब अचानक उतरला तर तत्काळ सावरणे, आरओच्या पाण्याची शुद्धता तपासणे, हे सारे तंत्रज्ञाच्या हातात असते. डॉक्टर फेरीला येतो आणि पुढच्या रुग्णाकडे जातो; त्या रुग्णाच्या घरची परिस्थिती, त्याचे पथ्य, त्याची भीती बरेचदा तंत्रज्ञालाच जास्त ठाऊक असते. केंद्राने 2016 साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला तो जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सेवा नेण्यासाठी. यंत्रे विकत घेता येतात. माणसे घडवायला वर्षे लागतात.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायला काही तास पुरतात. आवाज म्हणजे काय, त्यातून शब्द कसा वेगळा काढायचा, हे शिकायला मात्र महिनोन् महिने, कधी वर्षे जातात आणि ते शिकवतात ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ. मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था अशा तज्ज्ञांना घडवणारे शिक्षण देते. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव बनवण्याचे शिक्षण मिळते. फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालयही मुंबईच्याच केईएममध्ये 1950 च्या दशकात उभे राहिले. एवढा जुना वारसा याच राज्यात असताना बारावीच्या वर्गात त्याची माहिती देणारे शिक्षक क्वचितच भेटतात.

आरोग्यसेवेत पदवीशिवायही केवढे काम होऊ शकते, हे गडचिरोलीने जगाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या, थोडेच शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून तीन वर्षांत 25 च्या आसपास आले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा पाया त्यातूनच घातला गेला. ज्या कामाने इतकी बाळे वाचली, ते करणारी आशा आजही कायम नोकरीवर नाही. तिला पगार नाही, मोबदला मिळतो.

खरा प्रश्न इथेच आहे. मुलांना ‘या क्षेत्रात या’ म्हणायचे आणि आल्यावर कंत्राटी पद, तुटपुंजा पगार आणि बढतीची शिडीच नाही, असे चालणार असेल तर ते काका पुढच्या वर्षीही ‘तरी’ म्हणणारच. संसदेने 2021 साली डायलिसिस तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. पन्नासहून अधिक व्यवसायांची नोंदणी, अभ्यासक्रमांचा दर्जा, राज्य परिषदा, सगळे त्यात लिहिले आहे. अंमलबजावणी मात्र इतकी रेंगाळली की ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुलींनी जरूर जावे, नाव कमवावे. पण ज्यांचे मोल जर्मनीला कळते, त्यांना आपल्या ग्रामीण रुग्णालयात अकरा महिन्यांचे कंत्राट देणे हा करंटेपणा आहे.

कायदा पूर्ण रुळेपर्यंत पालकांनी मात्र सावध राहायला हवे, कारण दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल’ची पाटी लावून फी उकळणाऱ्या संस्थाही आहेत. प्रवेशाआधी पाहायचे ते हे: अभ्यासक्रम महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा किंवा संबंधित परिषदेच्या मान्यतेचा आहे का, संस्थेला जोडलेले रुग्णालय किती खाटांचे आहे, इंटर्नशिप प्रत्यक्ष रुग्णांजवळ होते की कागदावर, आणि मागच्या दोन तुकड्यांतली मुले आज कुठे काम करतात. शक्य असल्यास त्यांच्यापैकी एकाशी मुलाने किंवा मुलीने स्वतः बोलावे. संस्था या प्रश्नांची लेखी उत्तरे द्यायला तयार नसेल, तर तिथे एक रुपयाही भरू नये.