परवलीच्या शब्दाची राखण

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सौंसर लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला; सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा, संत्र्यांच्या बागांचा मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. पुढे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी त्या राज्यातील 'सायबर तहसील' योजनेचे उद्घाटन केले आणि सर्व ५५ जिल्ह्यांना ती लागू झाली. संपूर्ण खसऱ्याची खरेदी-विक्री झाली की नव्या मालकाचे नाव आता कागदावाचून, समोरासमोर न येता दप्तरी चढावे, असा तिचा हेतू आहे.

शेतकऱ्याची पायपीट वाचते, म्हणून या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु एक प्रश्न उरतो. पूर्वी नोंदीखाली सही असे, शिक्का असे, आणि वाद उद्भवल्यास हस्ताक्षर ओळखता येई. आता सहीची जागा वापरकर्त्याच्या नावाने आणि परवलीच्या शब्दाने घेतली आहे. तेव्हा त्यांचे नियम ही केवळ तंत्रज्ञांची बाब नव्हे. तो जमिनीच्या मालकीचा प्रश्न आहे.

नाव आणि परवलीचा शब्द यांची कामे भिन्न आहेत. नाव उघड असावे, एका माणसाचे एकच असावे आणि नोंद कोणी केली हे त्यावरून कळावे. हिंदी कारभारात 'काळे' यांचे 'काले' होते, म्हणून ओळखीसाठी क्रमांक बरा. मध्य प्रदेशात नागरिकाला नऊ अंकी 'समग्र' क्रमांक असतो तो याचसाठी. पण क्रमांक म्हणजे गुपित नव्हे. संगणकावर उतरवून घेतलेल्या आधारपत्राचा परवलीचा शब्द पाहा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष! शेजाऱ्याला जे ठाऊक, ते कुलूप कसले?

डेटाबेसचा इतिहासही हेच सांगतो. 'ऑरॅकल' या प्रसिद्ध प्रणालीबरोबर अनेक वर्षे 'स्कॉट' नावाचे नमुना खाते येई आणि त्याचा परवलीचा शब्द 'टायगर' हे जगजाहीर होते. असे खाते बंद करणे हा पहिला नियम. परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवू नये, मूळ शब्द उलट काढता येणार नाही असे त्याचे रूपांतर करून ठेवावे, हे मॉरिस व थॉम्पसन यांनी १९७९ सालीच मांडले होते. दर महिन्याला शब्द बदलण्याची सक्तीही निरुपयोगी ठरली आहे, कारण कंटाळलेला कारकून शेवटचा आकडा तेवढा वाढवितो किंवा शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली ही सक्ती नको म्हटले. शब्द लांब असावा आणि तो फुटल्याचा संशय येताच बदलावा, असा तिचा सल्ला आहे.

सर्वांत घातक ती मात्र आपली भिडेची सवय. साहेब दौऱ्यावर असतात, काम अडते, म्हणून साहेबांचा परवलीचा शब्द कचेरीतल्या चौघांना ठाऊक होतो. मग नोंद चुकली की चौघेही निर्दोष! भूमिगत चळवळीत ज्याचा सांकेतिक शब्द त्यानेच जपायचा असे, कारण एकाची सैल जीभ दहांना तुरुंगात नेई. तीच शिस्त येथे हवी. नोंद घालणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, आणि दोघांच्या हालचालींची पुसता न येणारी टिपणवही, एवढे तरी हवेच.

गोमंतकीय वाचकांना हे दूरचे वाटू नये. जुन्या दस्तऐवजांत खाडाखोड करून परक्यांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारींवरून येथे २०२२ साली विशेष तपास पथक आणि चौकशी आयोग नेमावा लागला. त्या लबाडीला निदान जुना कागद, शाई आणि बनावट सही तरी लागत असे. उद्या एक फुटलेला शब्द पुरेल, आणि आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव बदलल्याचा ओरखडाही दिसणार नाही.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या जमिनीची नोंद कोणी, केव्हा आणि कोणाच्या मंजुरीने बदलली हे पाहण्याचा हक्क असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सौंसर असो वा सत्तरी, राखणदाराचे नाव धन्याला ठाऊक नसेल तर ती राखण कसली?