झाकली मूठ

पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता जेथे फुटतो, तेथून आत असलेल्या आमच्या जुन्या घरी एके वर्षी सोयरिकीसाठी पाहुणे यावयाचे होते, म्हणून माजघरातील भिंतीची ओल दिसू नये यासाठी लाकडी कपाट तिला खेटून उभे केले. पाहुणे संतुष्ट होऊन परतले, परंतु पावसाळा सरल्यावर कपाट हलविले तेव्हा गिलाव्याचे पोपडे खाली आले आणि कपाटाची पाठ वाळवीने पोखरलेली निघाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष उपेक्षणीय नाही. चारचौघांत आब उरला नाही तर सोयरीक जुळत नाही, दुकानी उधारी मिळत नाही, हा त्यांचा अनुभव खरा आहे. घरचे प्रत्येक दुखणे वेशीवर टांगावे, असे माझेही म्हणणे नाही. परंतु मौन राखणे निराळे आणि आपल्या ठायी दोषच नाही असा देखावा अहोरात्र उभा ठेवणे निराळे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी २००३ साली या वृत्तीची तीन अंगे वेगळी करून दाखविली: निर्दोषत्व मिरविणे, चूक दृष्टीस पडू न देणे आणि ती तोंडाने कबूल न करणे. मला तिसरे सर्वांत घातक वाटते. कारण ज्याने कर्ज, आजार वा अपयश उच्चारावयाचेच नाही असा निश्चय केला, त्याच्या मदतीस कोणी धावावे तरी कसे? शिवाय मिळालेली वाहवा त्या देखाव्याची आहे, हे तो मनोमन जाणत असल्यामुळे ती त्याला लाभत नाही; केवळ उघडे पडण्याचे भय वाढते.

कबुलीने आब जातो म्हणणाऱ्यांनी त्याच गोव्याच्या रस्त्याने शिरढोणास जावे. तेथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी इंग्रज सरकारविरुद्धचे आपले बंड फसल्यावर, १८७९ मध्ये, श्रीशैलम् येथे आत्मवृत्त लिहिले आणि त्यात आपला पराभव झाकला नाही. त्याच वर्षी ते पकडले गेले व ते कागद खटल्यात सरकारपक्षाचा पुरावा ठरले. ही हानी मोठीच; पण ती शत्रूच्या दफ्तरी झाली, स्वजनांच्या मनात नव्हे. जन्मठेपेवर एडनला नेलेला तो पुरुष १८८३ मध्ये तेथेच वारला, आणि आपले अपयश स्वहस्ते लिहून ठेवणाऱ्या त्या माणसाचा वाडा पाहण्यासाठी लोक आजही हमरस्ता सोडून शिरढोणात वळतात.