कुंपणाला काय लावाल?

मृगाच्या तोंडावर नर्सऱ्यांत गर्दी उसळते. डिचोलीत नवं घर बांधलेल्या माझ्या मित्राची यादी तयार होती: लँटाना आणि वेडेलिया. दोन्ही स्वस्त, बारमाही फुलणारी, पाण्याची कटकट नाही. मी म्हटलं, हीच तर पंचाईत आहे.

लँटाना म्हणजे आपली घाणेरीच. मूळची अमेरिकेतली; एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. आज पेडण्याच्या सड्यावर आणि डिचोलीच्या खाणींकडेला रानमोडीच्या जोडीने माजली आहे. तिची काळी फळं बुलबुल खातो आणि बी भलतीकडे टाकतो. गुरांच्या पोटात पाला गेला तर यकृत बिघडतं. ‘आमची जात बी धरत नाही’ असं नर्सरीवाले सांगतात. काही जाती खरंच धरत नाहीत, पण त्यांचे परागकण रानातल्या घाणेरीपर्यंत पोचू शकतात. वेडेलियाला तर बीसुद्धा नको. छाटलेला तुकडा ओहळाकाठी पडला की पेरापेराला मुळं फुटतात. आमच्या धंद्यात अशा प्रोग्रामला ‘वर्म’ म्हणतात! 2000 साली प्रसिद्ध झालेल्या जगातल्या 100 उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत घाणेरी, रानमोडी आणि वेडेलिया तिन्ही आहेत.

‘पण लँटानावर फुलपाखरं येतात की!’ मित्राचा मुद्दा. येतात, मध पिऊन जातात. अंडी घालायला त्यांना आपल्या मातीतलीच झाडं लागतात. कमांडर नावाच्या फुलपाखराच्या अळ्या शेरवडीचा पाला खातात. शेरवडीचं ते पांढरं पान आणि नारिंगी फूल कुठल्या विलायती झाडापेक्षा कमी देखणं आहे?

कुंपणाला पिटकोळी उत्तम. जांभ्या दगडाच्या मातीत रुजते, लाल घोस येतात, फळं पोरं खातात. पुढे अबोली लावावी. पाणी लागताच तिच्या बोंडातून बी तडतडून उडतं, पण पडतं अंगणातच. कोपऱ्यात कुडा हवाच. चवथीच्या माटोळीला कुड्याच्या शेंगा, कवंडळं, घागऱ्या लागतात. रानमोडीने झाकलेल्या जागी ही झुडपं उरत नाहीत, मग डिचोलीच्या माटोळी बाजारात पैसे मोजा.

पिटकोळी सावकाश वाढते, हे मान्य. कुंपण दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. तोवर चिऱ्यांचा गडगा आहेच.