पिवळे फूल म्हणजे तरोटा नव्हे



पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की भंडारा जिल्ह्यात धानाच्या धुऱ्यांवर आणि रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी तुम्ही खाल्ली असेलच. पण पडीक जागेत तशाच पिवळ्या फुलांचे आणखी एक झाड वाढते, ते म्हणजे कासविंदा. दोन्ही शिंबावंत कुलातील आणि सेन्ना या एकाच प्रजातीतील. कासविंदा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. लिनीअसने १७५३ साली त्याला दिलेल्या ‘ऑक्सिडेंटॅलिस’ या नावाचा अर्थच ‘पश्चिमेकडचा’ असा आहे.

हा फरक कळला नाही तर काय बिघडते? २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात अनेक मुले दगावली. तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांतील काहींच्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बियांतील अँथ्राक्विनोन द्रव्यांशी जोडला. पश्चिम उत्तर प्रदेशातही त्याआधी मुलांना अशी विषबाधा झाली होती. हे विष यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर आघात करते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत एकाच वाचनावरून निष्कर्ष काढीत नाहीत. ‘फूल पिवळे’ हे एकच वाचन झाले. शिवाय भाजी खुडतात तेव्हा फूल आलेलेच नसते! म्हणून अनेक खुणा पडताळून पाहा.

तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्यात जोड्या बहुधा चार ते सहा, टोके निमुळती. कोवळ्या रोपात जोड्या कमी असू शकतात, म्हणून ग्रंथी शोधा. तरोट्यात ती खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये असते, तर कासविंद्यात पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. पुढे शेंगा धरल्या की तरोट्याची शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकडी दिसते. कासविंद्याची चपटी व फिकट कडांची.

माझे शिक्षकांना सांगणे एवढेच, की चित्राखालचे नाव पाठ करून घेण्याऐवजी श्रावणातला एक तास वर्गाबाहेर घ्यावा. मुलांनी आधी खुणांचा तक्ता भरावा, भाजी खुडणाऱ्या एखाद्या आजीबाईंना विचारावे आणि नाव सर्वांत शेवटी लिहावे. एकही खूण जुळली नाही, तर तो पाला टोपलीत घालू नये. आणि शेंगा सोलून खेळणाऱ्या धाकट्या भावंडांना कासविंदा आजच दाखवून ठेवा. त्याचे बी तोंडात घालायचे नाही, हे त्यांना निक्षून सांगा.