शंका वस्तूवर, माणसावर नको

फेब्रुवारी २०१६. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात महामार्गावरच्या पुलाला चिकटवलेला डबा दिसला. वाहतूक थांबवली गेली आणि बॉम्बशोधक पथकाने तो डबा नष्ट केला. निघाला मात्र जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या कलाप्रकल्पातला पिनहोल कॅमेरा: सुईच्या टोकाएवढं छिद्र, आत फोटोचा कागद, त्यावर महिनोन्‌महिने उमटत जाणारा सूर्याचा मार्ग. त्याआधी २०१५मध्ये टेक्सासमधल्या अर्व्हिंगला १४ वर्षांच्या मुलाने घरी जुळवलेलं घड्याळ शाळेत नेलं, तर त्याला बेड्या पडल्या.

वर्दळीच्या पुलावरच्या अनोळखी डब्याची तपासणी व्हायलाच हवी. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तो बॉम्ब नाही हे कळल्यावरही करणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे.

हा अंक हाताने उपकरणं घडवणाऱ्यांचा आहे. त्यांना आमची विनंती: जागेची परवानगी घ्या, डब्यावर नाव, फोन नंबर आणि आत काय आहे ते ठळक लिहा. आणि शिक्षक, पोलीस, शेजारी यांना आग्रहाचं सांगणं: तारा दिसल्या की आधी मुलाला विचारा, ‘हे कसं चालतं?’ त्याचं उत्तर पूर्ण ऐका. घाबरलेलं मूल पुन्हा काही घडवायला धजत नाही, आणि हे नुकसान साऱ्या समाजाचं असतं.