रानातले तोंडात घालण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भांडगावच्या दवाखान्यात एक बाई तीन मुलांना घेऊन धावत आली. तिघांनाही उलट्या, जुलाब. थोरल्याच्या खिशात काळ्या बिया निघाल्या आणि उलगडा झाला. बांधावरच्या मोगली एरंडाची फळे फोडून पोरांनी बिया खाल्ल्या होत्या. चवीला त्या शेंगदाण्यासारख्या लागतात, हीच पंचाईत. सलाइन लावून पुढे पाठवले, तिसऱ्या दिवशी पोरे घरी आली. हे का केले म्हणून विचारले, तर थोरला म्हणाला, "मोबाइलमधला माणूस जंगलात असंच खाऊन राहतो."

वाचकहो, जंगलात अडकल्यावर काय खावे, हा प्रश्नच मुळात नंतरचा आहे. निरोगी माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरतो. पाण्यावाचून तीन-चार दिवसही कठीण, वैशाखात त्याहून कमी. तेव्हा राजगड-तोरण्याच्या वाटेवर चुकलेल्या तरुणाने अनोळखी फळ चाखण्याचे काहीच कारण नाही. एका जागी सावलीत थांबावे, पाणी जपावे, हाका माराव्यात. दोन दिवसांच्या उपासाने कोणी मरत नाही.

मग रानातले अन्न खोटे का? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जाई आणि येताना जिथे ओल असेल तिथला तांदुळजा, घोळ, पाथरी ओटीत घालून आणी. पण ती सांगायची, भाजीने पोट भरल्यासारखे वाटे, भूक जात नसे. भूक भागवली ती सुकडीने आणि रेशनच्या लाल मिलोने. आज हिशेब मांडला की तिचे म्हणणे पटते. १०० ग्रॅम पालेभाजीत ३०-४० उष्मांक, तेवढ्याच ज्वारीच्या पिठात ३०० च्या वर. खडी फोडणाऱ्या बाईला दिवसाला २,५०० तरी हवेत, म्हणजे सात किलो पाला! पाल्यातून मिळते ते लोह, चुना आणि डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व. तेही मोलाचेच, पण त्यावर घमेले उचलले जात नाही.

ताकद असते बियांत आणि कंदांत. आणि पुष्कळ झाडांनी विषही नेमके तिथेच साठवलेले असते. म्हणून ज्या त्या रानाची आपली रीत असते. मावळातल्या बाया शेवळ्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात, नाहीतर घसा खाजून सुजतो. कडूकंद चकत्या करून उकडतात आणि वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. गडचिरोलीत मोहाची फुले वाळवून ठेवतात. ही विद्या कित्येक पिढ्यांनी पोटदुखी सोसून मिळवली आहे. मधली पायरी गाळून नुसते झाड ओळखणे म्हणजे औषधाचे नाव माहीत, मात्रा माहीत नाही.

आपल्या दौंड-शिरूरच्या माळावरही हेच. बोरे, चिंचा, शेवग्याचा पाला खुशाल खावा. घोळ उत्तमच, पण मूतखडा होऊन गेलेल्यांनी ती बेताने आणि उकळून, पाणी फेकून खावी; त्या पाण्यात खडा करणारे आम्ल बरेचसे उतरते. अलीकडे रानभाजी महोत्सव भरतात, चांगली गोष्ट आहे. तिथल्या पाट्यांवर गुणांच्या शेजारी शिजवण्याची रीतही लिहावी, एवढीच विनंती. आणि घरात सासूबाई असतील तर त्यांना यंदाच बांधावर घेऊन जा. मुलांनाही बरोबर न्या, त्यांना आधी धोत्रा, गुंज आणि मोगली एरंड दाखवा, भाज्या मागाहून.

एवढे करूनही पोराने काही खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठानेच जीव गेल्याची उदाहरणे आहेत. तडक दवाखाना गाठा. उरलेली बी, फळ, फांदी कागदात बांधून सोबत आणा. त्या थोरल्याच्या खिशात बिया नसत्या, तर मी बराच वेळ गॅस्ट्रो समजूनच बसलो असतो.