वस्तू विकली, जबाबदारी संपली?

सोलापूरच्या यंत्रमागाचा एखादा भाग झिजला की कारखानदार जॉबरला बोलावतो. सुटा भाग बाजारात मिळतो किंवा लेथवर तयार करून घेता येतो आणि माग पुन्हा चालू लागतो. माग बनविणारी कंपनी आज हयात आहे की नाही, याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. घरच्या शिलाई यंत्राचेही तेच. विकत घेतलेली वस्तू सर्वस्वी आपली, ही आपली समजूत अशाच वस्तूंच्या अनुभवातून तयार झाली. मोबाइल आणि संगणक यांच्या बाबतीत मात्र ती खरी राहिलेली नाही. या वस्तू ज्या सॉफ्टवेअरच्या बळावर चालतात, त्याची दुरुस्ती बहुतांशी उत्पादकाच्याच हाती असते. त्याने हात आखडता घेतला की धडधाकट वस्तूही हळूहळू निकामी होते.

याचा प्रत्यय महाराष्ट्राला २०२१ साली आला. बालकांची वजने, उंची आणि पोषण आहार यांच्या नोंदींसाठी अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले. दोन जीबी स्मरणक्षमतेच्या त्या फोनना ते पेलवेना. फोन तापत, मध्येच बंद पडत. हमीची मुदत संपलेली, म्हणून दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करण्याची वेळ सेविकांवर आली. अखेर ऑगस्टमध्ये राज्यभर त्यांनी फोन सरकारला परत केले. हा फोन किती वर्षे नव्या कामास पुरेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारला गेला असता, तर ही नामुष्की टळली नसती काय?

हा प्रश्न केवळ सेविकांचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला. ज्यांचे संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत, त्यांच्यापुढे चालू यंत्र मोडीत काढण्याचा किंवा धोका पत्करण्याचा प्रसंग आला. सॉफ्टवेअरमधील दोष विक्रीनंतरही उघडकीस येत राहतात. ते बुजविले गेले नाहीत, तर चोराला दार उघडेच राहते. ज्या फोनवर शिक्षकाचे बँक खाते आणि विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज असतो, तेथे हा धोका लहान नव्हे.

कोणत्याही कंपनीने आपल्या मालाची सेवा अनंतकाळ करावी, असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी मनुष्यबळ लागते, पैसा लागतो. परंतु सेवा किती वर्षे मिळणार, हे ग्राहकाला आधी कळू नये, हा कोठला न्याय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा-दुरुस्तीची किमान मुदत जाहीर करावी लागते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून त्यापुढचे पाऊल टाकले. एखाद्या नमुन्याच्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरच्या सुधारणा देणे तेथे बंधनकारक आहे.

भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. हे स्वागतार्ह असले, तरी माहितीने सक्तीची जागा भरून निघत नाही. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापावीच लागते. फोनच्या खोक्यावरही आधाराची अखेरची तारीख छापलेली असली पाहिजे. ती पाळली न गेल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्याचा हक्क ग्राहकाला निःसंदिग्धपणे मिळाला पाहिजे. आणि हजारोंनी फोन व संगणक खरेदी करणाऱ्या सरकारने ही अट स्वतःच्या निविदांतून आजच घालण्यास सुरुवात करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हप्ते फिटण्यापूर्वीच वस्तूचे आयुष्य संपावे आणि त्याची कल्पनाही घेणाऱ्याला नसावी, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.